‘ख’ सशाचा

जून २०२३. शाळा सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते. माझ्या बालवाडीत नवीन आलेला एक मुलगा घरून फ्लॅश कार्डांचा डबा घेऊन आला, सगळ्यांना दाखवायला. मी सहज एक कार्ड उचललं. वर मोठा ‘ख’, मधे गाजर खाणारा पांढरा ससा, खाली शब्द: ससा. पोरगं बोट ठेवून म्हणत होतं, “ख, ससा.” मी विचारलं, “सशात ख कुठाय रे?” त्यानं कार्ड जवळ धरून बराच वेळ बघितलं आणि सशाच्या कानाकडे बोट दाखवलं.

पुढचं कार्ड ‘भ’, चित्र अस्वलाचं, शब्द अस्वल. म्हणजे खरगोश आणि भालू. हिंदीचा संच घेऊन शब्दांचं तेवढं भाषांतर केलेलं. डब्यात ‘ळ’ नव्हताच. डबा सांगलीतल्याच दुकानातला, हरभट रोडवरचा. छापील किंमत ३४९ रुपये, आईनं घेतला होता १३० ला.

अकरा वर्षं मी विश्रामबागच्या एका बालवाडीत शिकवते. त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, हे आपण करायचं. तो म्हणाला, “बघ बाई.” आमच्याकडे ‘बघ बाई’ म्हणजे परवानगीही असते आणि नंतर ‘मी म्हणलं होतं’ म्हणायची सोयही.

आधी अक्षरं ठरवायला बसले. वाटलं होतं एका दुपारचं काम, लागले दोन महिने. लहानपणी आम्ही ४८ मुळाक्षरं शिकलो. पण ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेत ५२ वर्ण आहेत, त्यात ॲ आणि ऑ सुद्धा. आता ५२ घ्यायची तर घ्यायची, त्यात काय? ते काय, हे मला कुपवाडच्या प्रेसमध्ये कळलं. ४ इंच बाय साडेपाच इंचाची कार्डं १८ बाय २५ च्या शीटवर सोळा बसतात. तीन शीट म्हणजे ४८. ५२ करायची तर चार कार्डांसाठी चौथी शीट, तिच्या छपाईच्या वेगळ्या प्लेटा, मशिनवर वेगळी चढवणी. मी बसून चार अक्षरं काढली: ऌ, ङ, ञ आणि अः. चौघांचंही चित्र काढता येत नाही, मुलांना त्यांचा शब्दही सापडत नाही. डब्याच्या झाकणाच्या आत चौघांना एका ओळीत छापलं. एका निवृत्त गुरुजींनी नंतर फोन करून “ङ आणि ञ नं तुमचं काय बिघडवलं होतं?” असं विचारलं. मी “शीटचा हिशोब होता” म्हटलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

मग शब्द. ‘ह’ ला सगळीकडे हरण असतं. सांगलीच्या पोरांनी हरण कुठं बघितलंय? हळद बघितलीय, मार्केट यार्डावरून जाताना वास घेतलाय. मी ओलं हळकुंड काढून घेतलं, शेजारी पिवळी पूड. ‘भ’ ला भडंग. ‘ऊ’ ला ऊस होताच. ‘द’ ला द्राक्ष घ्यायचा फार मोह होता, तासगाव एवढं जवळ, पण द्राक्षात ‘द’ दिसतच नाही, ‘द्र’ दिसतो, मूल गोंधळतं. दप्तर घेतलं. ‘ऐ’ ला ऐरण कुणालाच ओळखता येईना, तरी ठेवावी लागली, कारण ‘ऐ’ ला दुसरं काय आहे? ‘च’ वर मी आणि माझी सहकारी दोन दिवस भांडलो. चमचा म्हणताना जीभ एका जागी लागते, चहा म्हणताना दुसऱ्या. अक्षर एकच. हे चिन्ह मराठीत दोन उच्चारांचं काम करतं हे हिंदीवरून केलेल्या कार्डाला माहीत असायचं कारण नाही, पण आपल्याला तर आहे. शेवटी पुढच्या बाजूला चमचा आणि मागे, गिरवायच्या ठिपक्यांखाली, चहाचा कप. ज आणि झ चंही तसंच केलं.

चित्रं मिरजेच्या एका मुलीनं काढली. एका चित्राला १५० रुपये, ४८ चित्रांचे ७,२०० झाले. तिच्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट हिंदी वळणाचा, त्यामुळे लसणाच्या कार्डावर ‘ल’ उत्तरेकडचा आला आणि शहामृगाचा ‘श’ही. प्रूफ बघताना हे माझ्या नजरेतून सुटलं. प्लेटा निघाल्यावर दिसलं. काळी प्लेट पुन्हा काढायला लागली.

त्या काळ्या प्लेटेनंच मला सशाचं कोडं सोडवून दिलं. मशिनवरचे काका तीस वर्षं ऑफसेटवर आहेत. मी त्यांना ‘ख – ससा’ दाखवलं. ते हसले. “बाई, ह्याच्यात चूक कुनाची न्हाई. चित्र चार रंगांत असतंय. निळा, गुलाबी, पिवळा, काळा. अक्षर नुस्तं काळ्यात असतंय. आता पार्टीला हिंदी, मराठी, गुजराती समदं काढायचंय. तीन रंगांच्या प्लेटा त्याच ठेवायच्या, काळी प्लेट तेवढी बदलायची. पन्नास हजार सशे एकदम छापून ठेवायचे, मग ज्या भाषेची मागनी त्या भाषेचं काळं वरनं मारायचं.” म्हणजे ससा आधीच छापून झालेला असतो. ‘ख’ ही त्याच जागी असतो, कारण क्रम तोच. कुणीतरी कोशात खरगोश बघून ससा लिहितं आणि काळी प्लेट मशिनवर चढते. मी इतके दिवस निष्काळजीपणा म्हणत होते, तो हिशोब निघाला. ‘ळ’ का नाही तेही कळलं: हिंदीच्या शीटमध्ये त्याची जागाच नाही.

“मग मला पण स्वस्तात करून द्या की,” मी म्हटलं. “तुमचे हजार संच,” काका म्हणाले. “हजाराला मशीन लावायला जेवढा येळ, तेवढाच पन्नास हजाराला.”

माझा खर्च सांगते, कारण सुरुवातीला मला कुणी सांगितला नव्हता. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा) आर्ट कार्ड पुठ्ठा, एक शीट साधारण ८७ ग्रॅमची. संचाला तीन शीट. हजार संचांना, वाया जाणारा माल धरून, २८० किलो. किलोला ९० प्रमाणे २५,२०० रुपये. प्लेटा १५, ३,७५० रुपये. छपाई पुढून चार रंग आणि मागून नुसतं काळं, ८,४००. एका बाजूचं लॅमिनेशन ६,६००. पंचिंग आणि गोल कोपरे ४,५००. डबे ११,०००. संच लावायची मजुरी २,०००. चित्रं धरून संचाला ६९ रुपये पडले. प्रेसच्या मालकांनी लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा असं दोनदा सांगितलं होतं. संचाला सहा रुपये साठ पैसे जास्त. मी वाचवले. त्याचं पुढं येईलच.

संच लावायचं काम आमच्या हॉलमध्ये झालं. सतरंजीवर ४८ गठ्ठे गोल मांडले आणि गल्लीतल्या पाच जणी त्याभोवती फिरून एकेक कार्ड उचलायच्या. भोंडला खेळल्यासारखं दिसायचं. एकीनं ‘ऐलमा पैलमा’ सुरूही केलं. पहिल्या दिवशी ७० संच झाले. मोजणी कशी करायची हा प्रश्न होता. समोरच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणला. एक कार्ड चार-साडेचार ग्रॅमचं, त्यामुळे एक जरी कमी असलं तरी काट्यावर कळायचं. फार हुशारी केली असं वाटलं. तिसऱ्या दिवशी एका संचात दोन ‘प’ आणि एकही ‘फ’ नाही असं निघालं. काट्याला प आणि फ मधला फरक कुठून कळणार? सगळे डबे पुन्हा उघडले. मागच्या बाजूच्या कोपऱ्यात बारीक १ ते ४८ आकडे छापले असते तर एका नजरेत दिसलं असतं. पुढच्या वेळी.

मे २०२४ मध्ये नमुना घेऊन हरभट रोडच्या होलसेलरकडे गेले. हा माणूस पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणि थेट दिल्लीहूनही माल आणतो, जिल्ह्यातल्या गावोगावच्या दुकानांना देतो. त्यानं डबा उघडला नाही. उलटा केला.

“एमआरपी किती, मॅडम?”

“२२०.”

“कमी झाली. ३९९ टाकायची होती.”

“अहो पण विकायचंय २२० ला.”

“म्हणूनच की. दुकानदार गिऱ्हाइकाला निम्म्यात देतोय म्हणतो, गिऱ्हाईक खूश. २२० छापून २२० लाच मागितले तर बाई डबा परत ठेवून जाते.” मग त्यानं फळीवरून सशाचा डबा काढला. “हा मला ६२ ला पडतो. जागेवर पोच. छापलंय ३४९. मी देतो ८० ला, दुकानदार विकतो १३०-१४० ला. आता तुमचा सांगा.”

माझा आता काय सांगणार? त्याचा खरेदीचा भाव माझ्या नुसत्या खर्चाच्या खाली होता. ‘ख’ वर मी खटारा कसा काढून घेतलाय, हळद कशी आहे, हे दाखवायला लागले. त्यानं शांतपणे ऐकलं, “छान आहे हो, मॅडम,” म्हणाला, खरंच मनापासून म्हणाला, आणि डब्याच्या तळाकडे बोट दाखवलं. “ह्याच्यावर महिना-वर्ष नाही. तक्रारीसाठी फोन नंबर नाही. वजनमापेवाला आला तर मलाच विचारेल.” पॅकबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नगसंख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापावा लागतो. २०११ चे नियम आहेत, मला आयुष्यात पहिल्यांदा कळले. हजार डब्यांवर हजार स्टिकर चिकटवले. माझ्या मुलानं शंभराला वीस रुपये घेतले.

जीएसटीत आणखी एक गंमत. हीच चित्रं मी शिवून पुस्तक केलं असतं तर कर शून्य. सुटी कार्डं म्हणून आमच्या सीएनं ती छापील साहित्यात, १८ टक्क्यांत बसवली. मी म्हटलं, एका कोपऱ्यात भोक पाडून रिंग घातली तर पुस्तक होईल का? ते म्हणाले, “ताई, असल्या आयडिया मला फोनवर सांगू नका.”

शेवटी ठरलं असं: एमआरपीवर ५५ टक्के सूट, म्हणजे ९९ रुपये, त्यात जीएसटी आतच. कर वजा जाता हातात ८३ रुपये ९० पैसे. पैसे ९० दिवसांनी, न खपलेला माल परत. संचामागे पंधरा रुपयेसुद्धा नाहीत, आणि तेही गणपतीनंतर. हे ऐकून त्याला लुटारू म्हणावंसं वाटतं, मलाही वाटलं. पण त्याच्याकडेही गावोगावच्या दुकानांची उधारी अडकलेली असते. वर्षाचा निम्मा धंदा मे-जूनच्या सहा आठवड्यांत होतो. त्यानं मला दुकानात बसवून चहा पाजला आणि वही दाखवली. वहीत जी नावं होती ती बघितल्यावर माझी तक्रार थोडी थंडावली.

जूनमध्ये ३४० संच गेले. मला वाटलं, झालं.

जुलैत पाऊस लागला तो लागलाच. कोयनेतून पाणी सोडलं, आयर्विन पुलाजवळची पातळी रोज सकाळी लोक दुधाच्या भावासारखी एकमेकांना विचारत होते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ नंतर तर कुणी पाण्याची वाट बघत बसत नाही. पेठेतले दुकानदार आधीच माल माळ्यावर चढवायला लागले. होलसेलरचा फोन आला. मला वाटलं पुरामुळे. तो म्हणाला, “मॅडम, तुमची कार्डं वळायलीत.”

गेले. डबा उघडला. पोह्याचा पापड तळताना कडेनं उचलतो तशी कार्डं चारी बाजूंनी उचललेली, चित्र आतल्या अंगाला. एक टेबलावर ठेवलं तर पाळण्यासारखं डुलायला लागलं. कारण अगदी साधं आहे. पुढून प्लॅस्टिकची फिल्म, मागून उघडा कागद. हवेतला ओलावा कागद पितो आणि फुगतो, फिल्म फुगत नाही. मग कागदाची बाजू लांब होते, फिल्मची तेवढीच राहते आणि कार्ड फिल्मकडे वाकतं. दोन्ही बाजूंनी फिल्म असती तर दोघी एकमेकींना धरून राहिल्या असत्या. सहा रुपये साठ पैसे. घरी आणून एक गठ्ठा पाट्याखाली दाबून ठेवला. सकाळी सरळ झाला होता, दुपारपर्यंत पुन्हा पाळणा. कापलेल्या कार्डांवर नंतर लॅमिनेशन करता येत नाही, तेही विचारून आले.

११२ संच परत आले. माझ्याकडचे धरून घरात पावणेआठशे संच पडून होते. पलंगाखाली, कपाटावर, देवघराच्या खालच्या कप्प्यात. नवरा ‘मी म्हणलं होतं’ म्हणाला नाही. तेवढं त्याला मानलं.

मधल्या काळात ऑनलाइन विकूनही बघितलं. त्यातलं एवढंच लक्षात राहिलंय की परत आलेल्या एका डब्यात ४८ ऐवजी ३१ कार्डं होती आणि ‘ग’ वर गणपतीला हळदी-कुंकू लावलेलं होतं.

डिसेंबरात एके दिवशी झाडलोट करताना डबा उघडला तर कार्डं सरळ! कोरडी हवा लागली, कागदानं प्यायलेलं पाणी सोडून दिलं. मी शेजारणीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “अगं, मग संक्रांतीला वाण म्हणून दे की. पंचवीस रुपयांत काय मिळतंय आजकाल? मला चाळीस लागतील.” पंचवीस रुपयांत संच कसा देणार? पण संच फोडता येतो. ४८ चे बारा-बारा कार्डांचे चार भाग केले, प्रत्येकाला पारदर्शक पिशवी, वर सुतळीची गाठ. चार पंचविसे शंभर. होलसेलरला ९९ ला, तेही उधार; इथं शंभर, रोख, आणि बायका घरी येऊन नेत होत्या. रथसप्तमीपर्यंत ४०० संच फुटले. बोरन्हाणातही गेले, बोरं, चुरमुरे, चॉकलेटं आणि मधेच ‘ट – टरबूज’. कुणाच्या वाट्याला ‘अ’ ची पिशवी आली, कुणाच्या वाट्याला ‘ड ते भ’. पुढं दोन जणींनी आपापसांत पिशव्या बदलून पूर्ण संच केला असंही ऐकलं. पावसाळ्यात कार्डं पुन्हा वळतील हे मी प्रत्येकीला सांगत होते. हळदी-कुंकवाच्या गडबडीत ते कितपत ऐकलं गेलं, माहीत नाही.

मुद्दल बरंचसं निघालं. माझ्या वेळेचा हिशोब मी धरत नाही. आता दुसऱ्या छपाईचं चाललंय. दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, मागे आकडे, एमआरपी २९९ (हो, टाकली). शिवकाशीहून भाव मागवला. तिथं कॅलेंडर-डायऱ्यांचा सीझन संपला की मशीन मोकळी असतात. ३,००० संच घेतले तर दोन्ही बाजूंचं लॅमिनेशन धरून सांगलीपर्यंत पोच ५१ रुपये, निम्मे पैसे आगाऊ. कुपवाडच्या काकांना सांगायला जीभ रेटत नाही. पण त्यांनी मला पन्नास हजार सशांचं गणित स्वतःच शिकवलंय, त्यांना कळेल.

तीन हजार खपवायला मला या हिशोबानं सात-आठ संक्रांती लागतील, म्हणून अजून होकार कळवलेला नाही.

आणि गेल्या महिन्यात होलसेलरमार्फत एक फोन आला, सशाच्या डब्यावाल्यांकडून. मराठीबद्दल तक्रारी येतात म्हणे, तुम्ही आमचं तपासून द्याल का, पैसे देऊ. मी एका रात्रीत सगळ्या चुका काढून पाठवल्या. ‘ख’ ला खटारा, ‘भ’ ला भडंग, आणि ‘ळ’ घाला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी अदबीनं. मॅडम, खूप धन्यवाद, पण चित्रं छापून गोदामात पडली आहेत, ती बदलता येणार नाहीत. फक्त काळं बदलता येईल. कृपया या चित्राला चालेल असा ‘ख’ चा मराठी शब्द सुचवावा.

दोन दिवस मी डोकं चालवतेय. खार चालली असती. पण तिला झुपकेदार शेपूट लागतं, आणि सशाचं शेपूट चार रंगांत छापून झालंय.